हेडलॅम्प की हातातला टॉर्च? सह्याद्रीत रात्री चालणाऱ्यांसाठी

दोन्ही भरपूर वापरून झालेत. आधी सलग ४ सीझन हेडलॅम्प, आणि गेली ३ वर्षं हातातला टॉर्च, एका १८६५० सेलवर (चार्ज होणारा, बोटाएवढा लिथियम सेल) चालणारा. ल्युमेन, वॉटरप्रूफ रेटिंग वगैरे खोक्यावर छापलेलं असतंच, तुम्ही ते वाचलंही असेल, त्यामुळे त्यात शिरत नाही.

हेडलॅम्पचे फायदे खरे आहेत, ते आधी सांगतो. पायथ्याच्या बारी गावाहून कळसूबाईला रात्री चढताना लोखंडी शिड्या लागतात, तिथे दोन्ही हात मोकळे हवेतच. मुक्कामाला पोचल्यावर कांदा चिरा, स्टोव्ह पेटवा, टेंटच्या खुंट्या ठोका, मान वळेल तिथे उजेड, याला तोड नाही. लाल लाइटवाला घेतलात तर शेजारी झोपलेल्याला त्रास होत नाही. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याकडे जाणार असाल तर तो लाल लाइट हवाच, पांढऱ्या उजेडात त्यांचं लुकलुकणं कमी होतं.

मग बदलला का? धुक्यामुळे.

जुलैत कळसूबाईहूनच उतरत होतो, पहाटेचे साडेतीन-चार वाजले असतील, धुकं इतकं दाट की हेडलॅम्प लावला की डोळ्यांसमोर नुसता पांढरा पडदा, ब्राइटनेस वाढवला की पडदा अजून जाड. दिवा कपाळावर, डोळ्यांपासून चार बोटांवर, त्यामुळे धुक्याच्या थेंबांवर आपटलेला उजेड सरळ डोळ्यांतच परत येतो. बरं, धुकं नसलं तरी एक गोष्ट राहतेच, नजर आणि उजेड जवळपास एकाच रेषेत असले की दगडाची सावली दगडामागेच लपते आणि सगळी वाट सपाट दिसायला लागते. मला टीचभर वाटलेली पायरी गुडघाभर निघाली आणि घोटा मुरगळला. बसलो, पट्टी बांधली, आणि उठताना हेडलॅम्प काढून हातात धरला, कमरेच्या खाली. दिवा तोच, मोड तोच, पण वाट दिसायला लागली! प्रत्येक दगडामागे लांब सावली, कुठे खोल आहे कुठे उंच आहे ते लगेच कळत होतं. खाली गावापर्यंत तसाच उतरलो, आणि मग वाटलं की हातातच धरायचा तर हातात नीट बसेल असाच दिवा का घेऊ नये.

कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांवर तर मला हे जास्तच पटलंय. फुरसं म्हणजे फूट-दीड फुटाचा मातकट साप, पाचोळ्यात कपाळावरच्या उजेडात मला तरी पटकन दिसत नाही, खालून तिरपा उजेड पडला तर निदान आकार तरी उठून दिसतो. मोजमाप वगैरे केलेलं नाही हां, चालून चालून झालेलं मत आहे. शिवाय पावसाळ्यात दिव्यावर येणारे किडे तोंडावर येत नाहीत, हातापाशीच राहतात.

टॉर्चची अडचण उघड आहे, एक हात अडकतो. काठी घेऊन चालणाऱ्यांना हे नक्की खुपेल. मी शिडी आली की सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला क्लिपने अडकवतो, उजेड थोडा हलतो पण काम होतं. मनगटाला दोरी मात्र हवीच, दरीच्या बाजूला सुटला तर गेलाच. सेल संपला तर अंधारातही मिनिटभरात दुसरा टाकता येतो, माझ्या हेडलॅम्पची बॅटरी आतच बसवलेली आहे, म्हणजे पावसात पॉवरबँक आणि केबल बाहेर काढा. स्पेअर सेल प्लास्टिकच्या डबीतच ठेवा, किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नका, शॉर्ट होऊन तापतो.

रॉक पॅच (हातांनी धरून चढायचा कातळ), रॅपलिंग (दोरावरून उतरणं), गुहा असं काही करत असाल तर मी म्हणेन हेडलॅम्पच घ्या, तिथे दोन्ही हात मोकळे लागतातच. माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात तो अजूनही असतो, मुक्कामाला बाहेर निघतो. पण बजेट एकाचंच असेल आणि चालणं पावसाळ्यातलं असेल, तर मी टॉर्चकडे झुकेन. घेताना बटण ओल्या अंगठ्याने, न बघता सापडतंय का ते दुकानातच तपासा, आणि सगळ्यात मंद मोड खरंच मंद आहे ना तेही.