द्राक्षबियांचं सीरम आणि केसांचं तेल: दोन बाटल्यांत दोन वेगळ्या गोष्टी

जोडीने मिळणाऱ्या या दोन्ही बाटल्यांवर पुढे द्राक्षाच्या घडाचं एकच चित्र आहे. मागची बारीक अक्षरं मात्र वेगळं सांगतात: सीरममध्ये बियांचा अर्क, केसांच्या बाटलीत बियांचं तेल. हा फरक मोठा आहे. ज्या प्रोअँथोसायनिडिनांमुळे (ऑक्सिडेशन रोखणारी वनस्पतींमधली संयुगं) द्राक्षबियांचा एवढा बोलबाला आहे, ती अर्कात असतात. तेलात ती जेमतेम उतरतात. तेलाचा जीव लिनोलेइक ॲसिड या मेदाम्लात, आणि ते त्यात साधारण 70 टक्के असतं.

आधी सीरम, कारण ते मला मनापासून आवडलंय. रंग कोऱ्या चहासारखा तांबूस. हा रंग अर्काचाच असतो, त्यामुळे पाण्यासारखं पारदर्शक सीरम दिसलं तर त्यात अर्क नावापुरताच असणार असं मी धरते. घटकांच्या यादीत अर्क फिनॉक्सिइथेनॉलच्या आधी लिहिलाय, हेही बरं लक्षण. हे प्रिझर्व्हेटिव्ह सहसा 1 टक्क्याच्या आतच घालतात, म्हणून त्याच्या मागे ढकललेला घटक त्याहून जास्त असण्याची शक्यता कमी.

तोंड धुतल्यावर ओलसर त्वचेवर दोन थेंब पुरतात. लगेच मुरतं, चिकटपणा राहत नाही, पण किंचित ओढल्यासारखं वाटतं. टॅनिनचा तो तुरटपणा. माझं कपाळ तेलकट, तिथे हे फार छान वाटतं. गाल कोरडे, तिथे वरून क्रीम लावावंच लागतं. नाकाच्या बाजूची लाली बरीच निवळली आणि चेहरा दुपारपर्यंत ताजा राहतो. जुने काळे डाग होते तसेच आहेत. उन्हामुळे त्वचेत होणारं ऑक्सिडेशन रोखायला अर्क हातभार लावतो, पण तो सनस्क्रीनच्या जोडीला. सनस्क्रीनऐवजी लावाल तर नुकसान तुमचंच.

तक्रार आहे ती बाटलीबद्दल. पारदर्शक काच आणि ड्रॉपर! हा घटक उजेडाने आणि हवेने खराब होतो. तळाशी उरलेलं सीरम गडद तपकिरी झालं, वासही बदलला, आणि ते मी टाकून दिलं. एवढा चांगला माल बंद पंपाच्या अपारदर्शक बाटलीत का भरत नाहीत?

केसांचं तेल हलकं आहे. धुतलेल्या ओल्या केसांच्या टोकांना चार थेंब चोळले की गुंता सहज सुटतो, केस चपटे पडत नाहीत. बस, त्याचं काम तेवढंच. डब्यावर 'नवीन केस उगवतात' असं छापलंय, ते मला अजिबात पटत नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस जपानी संशोधकांना बियांमधल्या प्रोसायनिडिनमुळे (प्रोअँथोसायनिडिनांचाच एक प्रकार) उंदरांच्या केसमुळांतल्या पेशी वाढताना दिसल्या होत्या, पण तो प्रयोग अर्कातल्या घटकांवर होता, तेलावर नव्हे. केसगळतीने आधीच धास्तावलेल्या माणसाला असं काही विकू नये.

सीरम पुन्हा घेईन, पण लहान बाटली, आणि कपाटात अंधारात ठेवीन. तेल घ्यायचं तर तेही थोडंच घ्या, लवकर खवट होतं. आणि दोन्ही आधी कानामागे लावून एक दिवस थांबा.