लेन्सच्या अनामतीपायी गेलेले १३,२०० रुपये

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात आम्हा विद्यार्थ्यांना दरवर्षी एक मासिक स्वतः तयार करून छापावे लागते. यंदाच्या मुखपृष्ठासाठी आम्ही ठाणे खाडीतील फ्लेमिंगो निवडले आणि छायाचित्रणाचे नियोजन माझ्याकडे आले. ओहोटीच्या वेळी हे पक्षी चिखलात दूरवर चरत असतात. भरतीचे पाणी चढू लागले की त्यांतले बरेचसे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन बसतात. त्यामुळे सकाळचा कोवळा प्रकाश आणि भरती यांचा मेळ बसेल असे दिवस मोजकेच असतात. वेळापत्रक पाहून आम्ही एक शनिवार पक्का केला. मात्र लांबच्या पक्ष्यांसाठी लागणारी १५०-६०० मिलिमीटरची लेन्स आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती.

समाजमाध्यमावरील एका जाहिरातीत ती दिवसाला १,२०० रुपये भाड्याने मिळत होती. हा दर इतरांइतकाच होता, म्हणूनच मला संशय आला नाही. फोनवरचा माणूस स्वच्छ मराठीत, अदबीने बोलत होता आणि लेन्सबद्दल त्याने अगदी जाणकारासारखे प्रश्न विचारले. भरतीमुळे आम्हाला शनिवारच हवा आहे, हे मीच त्याला सांगून बसले. त्यानंतर त्याचा सूर बदलला. "ताई, शनिवारसाठी अजून दोघं विचारतायत. भाडं आणि अनामत आत्ता पाठवलीत, तर लेन्स तुमच्या नावावर ठेवतो." त्याने वाशीतील दुकानाचा पत्ता आणि पाटीचे छायाचित्र पाठवले. नेरूळ आणि वाशी यांच्यामध्ये फक्त जुईनगर आणि सानपाडा ही दोन स्थानके आहेत, तरीही प्रत्यक्ष जाऊन पाहावे असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. आम्ही भाड्याचे १,२०० आणि अनामतीचे ६,००० रुपये पाठवले. ओळखपत्र म्हणून माझ्या आधार कार्डाचे छायाचित्रही दिले.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने लेन्स नादुरुस्त झाल्याचे कळवले, क्षमा मागितली आणि अनामत लगेच परत करतो म्हणून एक क्यूआर कोड पाठवला. त्याखाली 'परतावा ६,०००' असे लिहिले होते. मी तो स्कॅन केला आणि पिन टाकला. खात्यातून आणखी ६,००० रुपये गेले, आणि ते मासिकाच्या छपाईसाठी वर्गाने जमवलेले पैसे होते. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही; पिन टाकणे म्हणजे आपल्या खात्यातून पैसे देण्यास संमती देणे. हे मला माहीत होते, पण पैसे परत येत आहेत या सुटकेच्या भावनेत त्या क्षणी ते आठवले नाही.

यापुढची चूक मला सर्वांत जास्त सलते. वर्गाला काय सांगायचे या लाजेपोटी मी शनिवारी दुपारपर्यंत गप्प राहिले. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार केली, तर पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्याआधी ते रोखण्याची शक्यता असते; मी फोन केला तेव्हा ती वेळ बहुधा निघून गेली होती. तक्रार देताना प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक विचारतात, म्हणून ते व्यवहार आणि सगळे संदेश जपून ठेवा. मी रागाच्या भरात अर्धे संदेश पुसून टाकले होते. त्याच दिवशी वाशीला गेलो, तर दिलेल्या पत्त्यावर एका शिंप्याचे दुकान होते आणि त्या बिचाऱ्याला यातले काहीच ठाऊक नव्हते.

पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. माझ्या आधारचे ते छायाचित्रही त्या माणसाकडेच आहे, म्हणून मी बायोमेट्रिक लॉक करून घेतले आणि आता कोणाला प्रत द्यावीच लागली, तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी देते. पुढच्या भरतीसाठी आम्ही दुकानात जाऊन लेन्स कॅमेऱ्यावर चढवून पाहिली, तिचा अनुक्रमांक पावतीवर लिहून घेतला आणि त्यानंतरच अनामत दिली.