सायटिकाच्या गोळ्या: चार महिन्यांचा माझा अनुभव

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून मला २२ वर्षं झाली. जूनमध्ये आमच्याकडे पाणी प्यायला उसंत नसते. यंदा ९ जूनला आठवीच्या पुस्तकांचा गठ्ठा वाकून उचलला आणि कमरेत उसण भरली. तिसऱ्या दिवशी कंबर राहिली बाजूला आणि कळ उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत, तिथून थेट पायाच्या करंगळीपर्यंत उतरली. खोकला आला तरी चमक निघायची. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला चवड्यावर उभा राहिलो तर उजवी टाच उचलेचना. तेव्हा मात्र मी घाबरलो.

डॉक्टरांनी आधी विचारलं, ‘लघवी-संडासवर ताबा आहे ना? मांड्यांच्या मध्ये बधिरपणा नाही ना?’ यातलं काही असेल तर गोळ्यांच्या नादी न लागता त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं. एमआरआयमध्ये एल५-एस१ची, म्हणजे कमरेच्या अगदी खालच्या मणक्याजवळची गादी सरकून पायात जाणारी नस दबलेली दिसली. हाच सायटिका. त्यांनी ० ते १० मध्ये दुखणं लिहून ठेवायला सांगितलं होतं. दुकानातल्या जुन्या बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी रोज सकाळ-रात्र आकडे लिहिले. खाली लिहितोय ते त्यावरूनच. माझं वाचून कुणी परस्पर गोळी घेऊ नका. बीपी, साखर, किडनी प्रत्येकाची वेगळी.

पहिली गोळी सूज-दुखण्यावरची, इटोरिकॉक्सिब ९० मिलिग्रॅम, रोज एक, सोबत पित्ताची गोळी. कंबर दोन दिवसांत मोकळी झाली. पायाची कळ ८ वरून ६ वर आली आणि तिथेच अडकली. तेराव्या दिवशी बीपी १५२/९६ भरलं. माझं कधी १३० च्या वर जात नाही. गोळी बंद केल्यावर आठवड्यात खाली आलं. या गोळीने बीपी वाढू शकतं, हे मला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं. याचा राग अजून गेलेला नाही.

स्नायू सैल करायची गोळी पाच दिवस घेतली. पायाला काडीचाही फरक नाही.

मग ट्रॅमाडॉल (अफूच्या वर्गातलं वेदनाशामक) आणि पॅरासिटामॉल एकत्र, ३७.५ आणि ३२५ मिलिग्रॅमची. मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून नाव-पत्ता वहीत लिहून घेतला. त्या रात्री दहा दिवसांत पहिल्यांदा सलग चार तास झोपलो, आणि त्या चार तासांसाठी मी या गोळीचा ऋणी आहे. पण मळमळ सुरू झाली आणि चौथ्या दिवसापासून पोट साफ होईना. सायटिकात कुंथलं की कळ पायात उतरते, म्हणजे एकीकडे आराम आणि दुसरीकडे त्रास. सात दिवसांत थांबवली. त्यापलीकडे मागूही नये, सवय लागते.

प्रेगाबालिनबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण ‘नसेची गोळी’ म्हणून हीच सगळ्यांच्या चिठ्ठीवर असते. रात्री ७५ मिलिग्रॅम, मग दोन वेळा. पहिल्या आठवड्यात झोप लागली, मुंग्या कमी वाटल्या. मग डोकं जड, चालताना तोल जायचा. एकदा बसमधून उतरताना दांडा धरला नसता तर पडलोच असतो. गिऱ्हाईकाने सुट्टे पैसे दिले की मोजताना चुकायचो. २२ वर्षांत असं झालं नव्हतं. सहा आठवड्यांत वजन साडेतीन किलो वाढलं. बिलबुकात पाहिलं तर कळ ६ वरून ५, बस.

भाची बी. फार्म. करते. ती म्हणाली, ‘मामा, हे वाच.’ ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या २०९ रुग्णांवर प्रेगाबालिनची चाचणी झाली होती, २०१७ साली छापून आली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. आठ आठवड्यांनी पायाचं दुखणं १० पैकी औषधवाल्यांचं ३.७ आणि बिनऔषधवाल्यांचं ३.१, म्हणजे औषधाचा फायदा दिसला नाही, चक्कर मात्र जास्त. कोणत्या दुखण्याला कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०२० पासून सायटिकाला ही गोळी देऊ नका असं सांगितलंय. मी तो कागद डॉक्टरांसमोर ठेवला. ते चिडले नाहीत. ‘काहींना उपयोग होतो, तुम्हाला होत नाहीये, सोडू,’ म्हणाले. एकदम सोडायची नसते. तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी केली.

आणि नंतर जे आकडे आले ते बघून मी थक्क झालो. गोळ्या सुटत होत्या तरी दुखणं ५, ४, ३ असं उतरतच गेलं. सरकलेली गादी बहुतेकांमध्ये हळूहळू आपोआप आक्रसते, असं फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं. मला ते धीर द्यायला बोलतायत असंच वाटलेलं. त्यांनी सुचवल्याप्रमाणे मी पलंगावर पडून राहणं सोडलं. तळजाईला सपाट वाटेवर आधी दहा मिनिटं, मग चाळीस मिनिटं चालायला लागलो.

आता दिवाळी अंकांचे गठ्ठे आलेत. मी ते सोडवून दहा-दहा प्रती करून उचलतो. गोळी एकही चालू नाही. डाव्या पायाच्या चवड्यावर टाच सलग पंचवीस वेळा उचलता येते, उजव्यावर अकरा. वरच्या फळीसाठी अजून शिडी घेतो.