खजुरी बाजारातला ‘दबावगट आणि लोकशाही’ संच: घ्या, पण निम्माच वापरा

परीक्षा तोंडावर आली की इंदुरात राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारात राज्यशास्त्राचे छोटे संच काउंटरवरच मांडलेले दिसतात. दबावगट (स्वतः सत्ता न मागता सरकारवर दबाव आणून आपलं हित साधणारे गट) आणि लोकशाही या युनिटचा हिंदी माध्यमाचा, स्पायरल बाइंडिंगचा संच दीडशेच्या आसपास मिळतो. बी.ए.च्या अंतिम परीक्षेला तो पास करून देईल, पण चांगल्या गुणांसाठी त्यात बरीच भर घालावी लागेल.

सगळ्यात उपयोगी आहे तो अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ ऑल्मंडच्या वर्गीकरणाचा तक्ता: संस्थात्मक, संघटित, बिगर-संघटित आणि उत्स्फूर्त गट. प्रत्येकापुढे भारतातली उदाहरणं दिली आहेत. उदाहरणांचा रकाना झाकून ती आठवून लिहा, मग पडताळा. विद्यार्थी हमखास घसरतात ते पहिल्या दोन प्रकारांत. नोकरशाही किंवा लष्कर मुळात दुसऱ्या कामासाठी असतं आणि जाता जाता आपले हितसंबंध पुढे रेटतं, म्हणून ते संस्थात्मक. त्याच कर्मचाऱ्यांनी मागण्यांसाठी वेगळी युनियन काढली की ती संघटित गटात जाते. संचात हा फरक एका ओळीत उरकलाय. समासात स्वतः लिहून ठेवा.

एक चूक मात्र गंभीर आहे. दबावगटांच्या यादीत चक्क आम आदमी पक्ष छापलाय. 2011 चं भ्रष्टाचारविरोधी आंदोलन दबावगटाच्या व्याख्येत बसतं. 2012 मध्ये पक्ष स्थापन झाला, तो निवडणुका लढवून सत्ता मागू लागला, तिथे ही व्याख्या संपते. ‘पक्ष आणि दबावगट यांतील फरक’ या प्रश्नात हे नाव यादीत आलं, तर वरचे सगळे मुद्दे बरोबर असूनही परीक्षकाला कळतं की व्याख्या नुसती घोकली आहे. ते नाव खोडा. उलट, गटाचा पक्ष कसा होतो याचं उदाहरण म्हणून हेच वापरलं, तर उत्तर उठून दिसेल.

खरी उणीव दीर्घोत्तरी प्रश्नात आहे. ‘दबावगटांमुळे लोकशाही बळकट होते की दुबळी?’ यावर संच फायदे-तोट्यांच्या दोन याद्या देतो आणि थांबतो. अशा उत्तराला मधले गुण मिळतात, कारण त्यात युक्तिवादच नसतो. बहुलतावाद्यांचं म्हणणं असं की अनेक गट एकमेकांना तोलतात, त्यामुळे सत्ता एका हाती जात नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सनने 1965 मध्ये या गृहीतकालाच धक्का दिला. समान हित असलं म्हणून लोक आपोआप संघटित होत नाहीत. गट मोठा असेल तर प्रत्येकाला वाटतं, दुसरे झटतील आणि लाभ मलाही मिळेल. गट छोटा आणि प्रत्येकाचा वाटा मोठा असेल, तर संघटना चटकन उभी राहते.

याचं उदाहरण इंदुरातच आहे. सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची देशपातळीवरची संघटना ‘सोपा’, तिचं मुख्यालय याच शहरात. खाद्यतेलाच्या आयात शुल्कावर ती सरकारपुढे आकडेवारीनिशी बाजू मांडते. तेच तेल विकत घेणाऱ्या कोट्यवधी घरांची अशी संघटना कुठे आहे? हा परिच्छेद सहा-सात ओळींत बसतो आणि उत्तराला कणा देतो. त्याच्यासमोर मोठ्या गटानेही करून दाखवल्याची दोन उदाहरणं ठेवा: राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने 1990 च्या दशकात रेटलेली, 2005 च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत पोहोचलेली मागणी आणि 2020 चे कृषी कायदे 2021 मध्ये मागे घ्यायला लावणारं शेतकरी आंदोलन. मग ओल्सनचा नियम इथे का मोडला, ते दोन वाक्यांत सांगा. गावातली, जातीतली, युनियनमधली ओळखपाळख आधीपासून होती. न येणारा लपून राहत नव्हता.

लॉबिंगवरचं, म्हणजे सत्ताधाऱ्यांना गाठून निर्णय आपल्या बाजूने वळवण्यावरचं, पान जुजबी आहे. अमेरिकेत 1995 चा लॉबिंग प्रकटीकरण कायदा आहे, भारतात तसा वेगळा कायदा नाही, आणि संघटना स्थापण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19(1)(ग) मध्ये आहे. एवढं जोडलं की टीपेपुरतं काम भागतं.

घेताना चालू वर्षाचा अभ्यासक्रम हातात धरून अनुक्रमणिका ताडून पाहा. काउंटरवर जुन्या सत्राच्या प्रतीही नव्या कव्हरात असतात, आणि झेरॉक्स फिकी असेल तर तक्त्याचा उजवा रकाना वाचता येत नाही.