सेफारियावर तोराहची भाष्ये: ‘डोळ्याबद्दल डोळा’ या एका वचनाची कसोटी

तोराह म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. तिच्या भाष्यांचं एखादं ग्रंथालय कसं आहे, हे त्यातल्या ग्रंथांच्या संख्येवरून कळत नाही. एक भाष्यकार दुसऱ्याला उत्तर देतोय हे वाचणाऱ्याच्या लक्षात येतं का, ते पाहावं. मध्ययुगीन भाष्यकार रम्बन कितीतरी ठिकाणी आधी रशींचं म्हणणं मांडतात, मग इब्न एझ्रांचं (दोघेही त्यांच्या आधीचे भाष्यकार), आणि त्यानंतर स्वतःचं. शेजारी रशींचं पान उघडं नसेल तर वाद कशावरून चाललाय हेच समजत नाही. १५१६-१७ मध्ये डॅनियल बॉम्बर्ग यांनी व्हेनिसला ‘मिक्राओत गदोलोत’ ही भाष्यांसह हिब्रू बायबलची आवृत्ती छापली, तेव्हा मूळ मजकूर, अरामी भाषांतर आणि भाष्य एका पानावर आणण्यामागे हीच गरज होती. सेफारिया हे काम पडद्यावर करतं. जोशुआ फोअर आणि ब्रेट लॉकस्पायझर यांनी २०११ मध्ये सुरू केलेली ही ना-नफा सेवा वेबसाइटवर आणि मोबाइल ॲपवर पूर्णपणे मोफत आहे.

कसोटीसाठी वचन घेऊ शेमोत, म्हणजे निर्गम, २१:२४. ‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात.’ या वचनाचा शब्दशः अर्थ घ्यायचा नाही यावर रब्बी (ज्यू धर्मपंडित) एकमत आहेत. पण का घ्यायचा नाही, याची प्रत्येकाची कारणं वेगळी. त्यामुळे साधन किती कामाचं आहे ते इथे चटकन दिसतं.

अध्याय उघडून वचनावर बोट ठेवलं की बाजूला एक पट्टी येते. तिच्यात भाष्य, तलमूद (रब्बींच्या चर्चांचा संग्रह), मिद्राश (वचनांची रब्बींनी केलेली विवरणं), हलाखा (धार्मिक कायदा) असे गट असतात. नवखा वाचक इथेच चुकतो. तो भाष्यांची लांबलचक यादी वरून खाली वाचत सुटतो आणि चौथ्या नावापर्यंत थकतो. यादी बाजूला ठेवा आणि पाचच जागा ठरावीक क्रमाने उघडा.

पहिले रशी. भाष्य अगदी छोटं आहे: डोळा फोडला तर डोळ्याची किंमत द्यायची, गुन्हेगाराचा अवयव काढायचा नाही, आणि ‘हाहोवेल’ या प्रकरणात आमच्या रब्बींनी याचं विवरण केलं आहे. हा शेवटचा उल्लेख म्हणजे पुढच्या वाटेचा पत्ताच. ‘हाहोवेल’ हे बाबा कामा या मसेखेतचं (तलमूदच्या एका ग्रंथाचं) आठवं प्रकरण, पान ८३ब पासूनचं. छापील पुस्तकात इथे दुसरा खंड काढावा लागतो. सेफारियावर पट्टीतल्या तलमूद गटातून थेट त्या पानावर जाता येतं. सेवेचं सगळ्यात मोठं बळ हेच आहे.

दुसरं, ते तलमूदचं पान. मिश्नाच (तलमूदचा मूळ, जुना थर) सांगते की जखम करणाऱ्याने पाच गोष्टींची भरपाई द्यायची: कायमचं नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेला रोजगार आणि अप्रतिष्ठा. नुकसानीचं मोजमापही दिलं आहे: माणूस बाजारात गुलाम म्हणून विकला असता तर जखमेआधी किती किंमत आली असती आणि आता किती येईल, हा फरक. त्यानंतर गमारा (मिश्नावरची चर्चा) विचारते की वचन तर ‘डोळा’ म्हणतं, मग पैसे कुठून आले? उत्तरादाखल एकामागून एक पुरावे येतात आणि बरेचसे खोडले जातात. एकाचा डोळा मोठा आणि दुसऱ्याचा लहान असेल तर ‘डोळ्याबद्दल डोळा’ बरोबरीचा कसा होईल? आंधळ्याने कुणाला आंधळं केलं तर त्याचं काय काढणार? हे दोन्ही युक्तिवाद तिथे आहेत आणि दोन्हींवर आक्षेपही आहेत. इथलं इंग्रजी भाषांतर आदिन स्टाइनसाल्ट्झ यांच्या आवृत्तीचं आहे. २०१७ पासून सेफारियावर ते खुलं आहे. त्यात ठळक अक्षरं म्हणजे मूळ अरामी-हिब्रूचं भाषांतर आणि साधी अक्षरं म्हणजे जोडलेलं स्पष्टीकरण. आधी फक्त ठळक वाचा. मूळ गमारा किती तुटक, किती कमी शब्दांत बोलते हे त्याशिवाय कळत नाही. मग पूर्ण वाक्य वाचा.

तिसरे इब्न एझ्रा, आणि इथे सावध राहायला हवं. शेमोतवर त्यांची दोन भाष्ये आहेत: इटलीतल्या लुक्का इथे लिहिलेलं छोटं आणि नंतर फ्रान्समधल्या रूआँ इथे लिहिलेलं मोठं. शीर्षक न पाहता उघडलं की माणूस भलत्याच भाष्यात शोधत बसतो. आपल्याला हवंय ते मोठं. त्यात रब्बी सादिया गाओन आणि बेन झुता नावाचा कराई (रब्बींची परंपरा न मानणाऱ्या पंथाचा) यांचा वाद जवळजवळ संवादाच्या रूपात आहे. सादिया म्हणतात, मारामुळे एक तृतीयांश दृष्टी गेली असेल तर नेमकी तेवढीच दृष्टी जाईल असा मार कसा देणार? बेन झुता लेवीय २४:२० (जशी इजा केली तशीच त्याला करावी, असं सांगणारं वचन) पुढे करतो. मग तो विचारतो की गुन्हेगार गरीब असला आणि पैसे देऊ शकला नाही तर? सादियांचं उत्तर: आणि आंधळ्याने डोळस माणसाचा डोळा फोडला तर? गरीब कधीतरी श्रीमंत होऊन भरपाई देईल, आंधळा कधीच देऊ शकणार नाही. नुकतंच बाबा कामाचं पान वाचलेलं असेल तर आंधळ्याचा हा दाखला कुठून आला ते लगेच ओळखू येतं. उलट क्रमाने वाचणाऱ्याला तो नुसता हजरजबाबीपणा वाटेल. शेवटी इब्न एझ्रा स्पष्ट लिहितात की परंपरेच्या आधाराशिवाय तोराहच्या आज्ञांचा पूर्ण अर्थ लावता येत नाही. व्याकरणाचा एवढा कडवा आग्रह धरणाऱ्या माणसाने हे लिहावं, याला वजन आहे.

चौथे रम्बन. ते रब्बींची परंपरा सांगतात, इब्न एझ्रांचं मत नोंदवतात (भरपाई दिली नाही तर माणूस खरोखर त्या शिक्षेला पात्र आहे, हे कळावं म्हणून वचनाची भाषा अशी आहे), आणि मग पुरावा त्याच अध्यायातून काढतात: २१:१९ मध्ये जखमी माणसाचा बुडालेला रोजगार आणि औषधोपचार भरून द्यायला सांगितलं आहे. मारणाऱ्यालाही तशीच जखम करायची असती तर तोही अंथरुणाला खिळला असता. मग वर पैसे कशाचे? पाच वचनांमागे असलेला हा पुरावा पट्टीत आपोआप समोर येईलच असं नाही. मुख्य मजकुरात वर सरकून १९वं वचन स्वतः वाचा.

पाचवे स्फोर्नो. त्यांचं एकच वाक्य, पण विलक्षण: कडक न्यायाने खरं तर डोळ्याला डोळाच योग्य होता, पण आपलं मोजमाप अपुरं पडतं म्हणून परंपरेने पैसे ठरवले. पुढे जायचं असेल तर हलाखा गटातून रम्बम (हे रम्बनहून वेगळे) यांच्या ‘मिश्ने तोराह’ या कायदासंहितेतले जखम आणि नुकसानीचे नियम, १:३, उघडा.

ही सगळी वाट दीड-दोन तासांची आहे. एवढी सोय आणखी कुठे मोफत मिळत असेल तर ती ‘अल-हातोराह’ या संकेतस्थळावर. तिथली भाष्ये एका पानावर जुन्या मिक्राओत गदोलोतसारखी मांडता येतात, आणि रशींच्या मजकुरासाठी लाइपझिगच्या जुन्या हस्तलिखितातले फरक पाहता येतात. रशींचे शिष्य शमाया यांच्या प्रतीवरून ते हस्तलिखित उतरवलेलं आहे. पाठभेदासाठी अल-हातोराह, तलमूद आणि हलाखाशी जोडणीसाठी सेफारिया, अशी विभागणी करावी.

आता उणिवा. पट्टीत सगळी नावं सारख्याच अक्षरात, सारख्याच वजनाची दिसतात. काळ, गाव, नातं काहीच यादीतून कळत नाही. रशी त्र्वा इथले, १०४० ते ११०५. रश्बम त्यांचे नातू. इब्न एझ्रा तुदेलाचे. ११४० मध्ये स्पेन सोडून इटली, फ्रान्स, इंग्लंड अशी भटकंती करत लिहीत राहिलेले. रम्बन ११९४ ते १२७०, गिरोनाचे. स्फोर्नो त्यानंतर जवळपास तीन शतकांनी, इटलीत, पेशाने वैद्य. एवढा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला तर कोण कुणाला उत्तर देऊ शकतं हे चुकत नाही. रम्बम आणि रम्बन यांच्यात तर शोधतानाही गल्लत होते. शेवटी ‘म’ म्हणजे मोशे बेन मैमोन, ११३८ ते १२०४. शेवटी ‘न’ म्हणजे मोशे बेन नाखमान.

नातं माहीत असण्याचा फायदा उत्पत्ति ३७:२ वर कळतो. तिथे रश्बम सांगतात की त्यांनी आजोबांशी वाद घातला, आणि रशींनी कबूल केलं की सवड मिळाली असती तर रोज नव्याने उमगणाऱ्या सरळ अर्थानुसार आणखी भाष्ये लिहायला हवी होती. रशींचा हा मोकळेपणा त्यांच्या स्वतःच्या भाष्यातही आहे: उत्पत्ति २८:५ वर ‘हे आपल्याला काय शिकवतं, मला माहीत नाही’ असं ते लिहून जातात. चरित्रासाठी सेफारियावरच्या लेखकांच्या छोट्या नोंदी पुरत नाहीत. माणूस भाष्यातच शोधावा. रम्बन १२६३ च्या बार्सिलोनातल्या जाहीर वादानंतर स्पेन सोडून १२६७ मध्ये पवित्र भूमीत पोहोचले. उत्पत्ति ३५:१६ वर त्यांनी राहेलच्या कबरीच्या अंतराबद्दल आधी एक लिहिलं आणि मग जोडलं की आता इथे येऊन डोळ्यांनी पाहिलं, बेथलेहेमपासून कबर एक मैलही नाही. पडद्यावर दोन्ही मतं सलग येतात. लेखकाने मत बदललंय हे ध्यानात न घेता वाचलं तर परिच्छेद विसंगत वाटतो.

भाषांतरांचा दर्जा एकसारखा नाही. रशींसाठी रोझेनबाउम आणि सिल्बरमन यांचं १९२९-३४ चं भाषांतर जुन्या वळणाचं, पण मुळाला धरून. रम्बनसाठी चार्ल्स शावेल यांचं टिपांसह भरवशाचं. एलियाहू मुंक यांची भाषांतरे ओघवती, मुक्त; वाचायला सोपी, पण एखाद्या शब्दावर युक्तिवाद उभारायचा असेल तर हिब्रू ओळ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. कोणतं भाषांतर उघडलंय हे पट्टीतल्या भाषांतरांच्या भागात दिसतं. वहीत उतरवताना नाव सोबत लिहावं.

रशींच्या हिब्रूत मध्येच जुने फ्रेंच शब्द येतात, हिब्रू लिपीत लिहिलेले आणि ‘बलाअझ’ अशी खूण असलेले. निर्गम २८:४ वर एफोद (महायाजकाचं एक वस्त्र) कसा असेल हे सांगताना ते घोड्यावर बसणाऱ्या सरदार स्त्रियांच्या कमरेच्या वस्त्राचा फ्रेंच शब्द देतात. असा शब्द हिब्रू कोशात सापडत नाही आणि यांत्रिक भाषांतर त्याचं काहीही करतं.

मराठी वाचकांना एक अडचण हमखास येते. मराठी बायबलमधले वचन-क्रमांक आणि हिब्रू क्रमांक काही ठिकाणी एकाने सरकतात. हिब्रूत निर्गम २१ मध्ये ३७ वचनं आहेत. शेवटचं वचन दुसऱ्या मोजणीत २२:१ होतं. उत्पत्ति ३२ च्या सुरुवातीलाही तसंच. स्तोत्रांत तर शीर्षकालाच अनेकदा पहिला क्रमांक मिळतो. भाष्य वचनाशी जुळत नाही असं वाटलं की आधी एक पुढे-मागे पाहावं.

सेवेची पडद्यावरची भाषा इंग्रजी किंवा हिब्रू. बेने इस्राएल समाजासाठी १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी असलेली हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) शिळाछापावर निघाली होती. रशींचं भाष्य अशा दुहेरी रूपात पडद्यावर यावं, ही मनापासूनची इच्छा.

वाचकांनी स्वतः जुळवलेली उताऱ्यांची पानंही सेफारियावर असतात. विषय शोधायला ती उत्तम, पण कुणीही बनवू शकतं. उतारा मध्येच तोडलेला असतो. प्रत्येक वेळी मूळ पानावर जाऊन आधीची आणि नंतरची दोन वाक्यं वाचावीत.

पडदा चौकोनी अक्षरं देतो, त्यामुळे ‘रशी लिपी’ शिकायची राहून जाते. ती रशींची लिपी नव्हेच. १४७५ मध्ये रेज्जो दि कलाब्रिया इथे त्यांचं भाष्य छापताना सेफार्दी (स्पेनच्या ज्यूंच्या) हस्ताक्षराच्या वळणाचा ठसा वापरला, त्यावरून हे नाव पडलं. पण जुनं छापील मिक्राओत गदोलोत हातात आलं की तीच समोर येते: आलेफ ओळखू येत नाही, सामेख आणि शब्दाच्या शेवटचा मेम जुळे दिसतात. रोज रशींच्या दोन ओळी छापील पानावर वाचून त्याच ओळी सेफारियावर ताडून पाहिल्या की काही आठवड्यांत डोळा बसतो. शब्बाथ पाळणाऱ्यांना याचा उपयोग आहेच, कारण त्या दिवशी फोन बंद असतो; त्यांनी आठवड्याच्या परशाचे (त्या आठवड्यात वाचायच्या तोराहच्या भागाचे) निवडक उतारे शुक्रवारी दुपारपर्यंत छापून ठेवावेत, आणि छापताना हिब्रू अक्षर मोठं ठेवावं, नाहीतर स्वरचिन्हं कागदावर एकमेकांत मिसळतात.