मधमाश्यांसाठी काय लावावे: सब्जा, झेंडू, सूर्यफूल की कढीपत्ता?

इंदूरमध्ये रामबाग किंवा लोकमान्य नगरासारख्या वस्तीत गच्चीवर चार कुंड्यांचीच सोय असेल, तर मधमाश्यांसाठी रोप निवडताना रंगापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात: माशीला मकरंद किंवा पराग गाठता येतो का, आणि ते फूल कोणत्या दिवसांत येते.

माझी पहिली पसंती सब्जाला आणि त्याच्या जोडीला तुळशीला आहे. पाने भरघोस यावीत म्हणून मंजिऱ्या खुडण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या वृंदावनातली तुळस मीही खुडते, पण मागच्या कुंडीतली तशीच फुलू देते. सकाळी तिच्यापाशी बसले की तांबूस पोटाची इवलीशी फुलोरी माशी मंजिरीवर खालून वर चढताना दिसते. ती फुलाच्या खालच्या ओठावर टेकते आणि तिथल्या केसरांचे पराग तिच्या पोटाला लागतात.

झेंडू घ्यायचा तर एकेरी पाकळ्यांचा घ्यावा. दसऱ्याच्या तोरणाचा गेंदेदार झेंडू कितीही देखणा असला, तरी त्यात मधल्या नळीदार फुलांची जागा बहुतेक पाकळ्यांनीच व्यापलेली असल्यामुळे माशीच्या हाती फारसे काही लागत नाही. सूर्यफुलाचे तसे नाही. त्याची चकती कडेकडून मध्याकडे काही दिवस रोज थोडी थोडी उमलते, त्यामुळे खाद्य टिकून राहते. मात्र पुष्पगुच्छांसाठी तयार केलेले परागरहित वाण टाळावेत.

कढीपत्त्याची महती एप्रिल-मेमध्ये कळते. माळव्याच्या उन्हात कुंडीतली नाजूक रोपे माना टाकतात, त्या दिवसांत याला पांढऱ्या सुवासिक फुलांचे घोस येतात. फोडणीसाठी सगळेच शेंडे न खुडता दोन फांद्या राखून ठेवल्या म्हणजे झाले. अंगण असेल तर शेवगा जरूर लावावा, कारण त्याच्या फुलांवर मोठे काळे भुंगेही येतात. मात्र काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजू नयेत म्हणून तो उंचवट्यावर लावावा.

मोगरा, बोगनवेल आणि लांब नळीची मधुमालती हौसेसाठी ठेवावीत, मधमाश्यांसाठी नव्हे.

एकाच कुंडीची सोय असेल तर सब्जा आणि दोन असतील तर सोबत कढीपत्ता, असे मी सुचवीन. कोणतेही रोप निवडले तरी मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडल्यावर कडुनिंबाचे तेल सूर्यास्तानंतर, माश्या परतल्यावर फवारावे, आणि तेही उमललेली फुले वगळून.