31 फुटी कॅम्पिंग ट्रेलर, 8 महिन्यांनंतर: आत सगळं मस्त, पेट्रोल भरायला गेलं की जीव टांगणीला

ट्रेलर परवा वर्कशॉपमधून परत आला. मागचा डावा कोपरा फुटला होता, पेट्रोल पंपावर. 5 आठवडे तिथे पडून होता आणि तेवढ्या वेळात मी जे जे घेताना कुणाला विचारलं नव्हतं ते सगळं डोक्यात साठलंय, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. घेणारे बहुतेक लोक बेड किती, बाथरूम केवढी, सोलर किती वॉटचं हेच बघतात, मीही तेच बघितलं. पेट्रोल कसं भरणार हा प्रश्न शोरूममध्ये कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

आतलं पटकन उरकतो. पलंग चांगला, स्लाइडआउट (थांबल्यावर बाहेर सरकवून आतली जागा वाढवायचा भाग) 8 महिन्यांत एकदाही अडकलं नाही, गॅसचा हीटर थंडीत जोरदार चालतो, पाण्याचा पंप आवाज करतो पण सवय होते. मुलं खूश, बायको खूश. राहायला म्हणून 10 पैकी 9. तक्रार सगळी रस्त्यावरची आहे, त्यातही पंपावरची.

झालं काय ते सांगतो. पिकअप 20 फूट, ट्रेलर हिचसकट (गाडीला जोडायच्या सांध्यासकट) 31, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत 51-52 फूट. एका कट्ट्यावर (पंप ज्यावर बसवलेले असतात तो उंच ओटा) एकामागे एक दोन पंप होते, मी पुढच्यावर लावला, टाकी भरली, निघालो. समोर दुकान आणि दुकानाच्या दारात कुणीतरी गाडी आडवी लावून आत गेलेला. आमच्या मागे दोन गाड्या खोळंबलेल्या, त्यातला एक हॉर्न देतोय. म्हणून नेहमीपेक्षा लवकर उजवीकडे स्टिअरिंग फिरवलं. बायको खाली उतरून उजव्या बाजूला उभी होती, कारण आमची भीती तीच की वळताना ट्रेलरची चाकं आत कापतील आणि उजवीकडच्या कट्ट्यावर चढतील. तिचं सगळं लक्ष चाकांवर, माझं लक्ष तिच्यावर. डावीकडे कुणाचंच नाही. आणि मग तिचा आवाज आला, "थांबा, थांबा, थांबा! मागचं लागलं!" तोवर मागच्या पंपाजवळचा पिवळा लोखंडी खांब कोपऱ्याची अॅल्युमिनियमची पट्टी सोलून टेललाइटपर्यंत आत गेला होता. वेग चालण्यापेक्षाही कमी होता. तरी सोलली, केळ्याची साल निघावी तशी.

हे नीट समजून घ्या, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. ट्रेलर वळतो तो त्याच्या स्वतःच्या चाकांभोवती. चाकांच्या पुढचा भाग वळणाच्या आत जातो, आणि चाकांच्या मागे जेवढं शेपूट असेल ते उलट्या बाजूला बाहेर फेकलं जातं. आमच्या ट्रेलरचं शेपूट दोन्ही एक्सलच्या (चाकांच्या दांड्यांच्या) मधल्या बिंदूपासून मोजलं तर 11 फूट भरतं. एवढ्या लांब शेपटाला ट्रेलर 10 अंश जरी तिरका झाला तरी मागचा कोपरा फूट-दीड फूट बाहेर येतो. आणि पंपाला तुम्ही चिकटून उभे असता दोन फुटांवर. म्हणजे हिशोब तुम्हीच करा. आता माझा नियम एकच, आरशात शेवटचा पिवळा खांब शेपटाच्या मागे गेलेला दिसेपर्यंत स्टिअरिंग सरळ, मागचा हॉर्न देऊदे नाहीतर शिव्या देऊदे.

आणि इथेच माझा खरा राग आहे तो म्हणजे टाकीच्या झाकणावर. पिकअपचं झाकण डावीकडे. तुम्ही म्हणाल त्यात काय, कुठेतरी असणारच. पण साध्या गाडीला चुकीची बाजू आली तर दुसऱ्या बाजूने फिरून येता येतं, किंवा नळी ताणून पलीकडे नेता येते. आम्हाला फिरून येणं म्हणजे 52 फुटांचा यू टर्न, आणि रुंद पिकअपवरून नळी पलीकडे पोचतच नाही, मी ओढून बघितलंय, एक वीत कमी पडते. मग सगळ्यात कडेचा पंप, ज्याच्या बाहेरच्या बाजूला मोकळी जागा असते, तो आम्हाला एकाच दिशेने घुसलो तरच मिळतो. रस्त्याच्या ज्या बाजूने आलो ती बाजू उलटी असेल तर तो पंप असून नसल्यासारखा, आणि मग आतल्या लेनमध्ये दोन कट्ट्यांच्या मधे शिरावं लागतं. 8 महिन्यांत साधारण 40 वेळा ट्रेलरसकट पेट्रोल भरलं असेन, त्यात निम्म्याहून जास्त वेळा या झाकणापायी आतल्या लेनमध्ये गेलोय. कोपरा फुटला तेव्हाही आतल्याच लेनमध्ये होतो. झाकण उजवीकडे असतं तर त्या दिवशी बाहेरची मोकळी बाजू मिळाली असती आणि सरळ निघून गेलो असतो, हे मी कुणालाही नकाशा काढून दाखवायला तयार आहे.

बायको म्हणते तुम्ही त्या झाकणाच्या फार मागे लागलाय. असेल. पण गाडी घेताना इंजिन, टॉर्क, पेलोड (गाडी किती वजन वाहू शकते) सगळं तीन महिने वाचत बसलो आणि झाकण कुठल्या बाजूला हे शोरूममध्ये फिरून बघायला 10 सेकंद लागली असती, ती काढली नाहीत, याचा त्रास होतोच.

आता टाकी. 98 लिटरची. पहिले दोन-तीन महिने मी सगळ्यांना सांगत होतो की ही टाकी छोटी आहे, कंपनीने मोठी द्यायला हवी होती. एकटी गाडी लिटरला साडेआठ-पावणेनऊ देते, ट्रेलर लावला की 4.2. पाव टाकी राखून ठेवली तर 300 किलोमीटर, की पुन्हा पंप शोधा. आणि डॅशबोर्डवरचा "एवढे किलोमीटर शिल्लक" आकडा तर अजिबात बघू नका. तो आधीच्या सरासरीवर चालतो. ट्रेलर लावून निघालो तेव्हा 840 दाखवत होता, 60 किलोमीटर गेल्यावर 500 च्या खाली. काही नव्या गाड्यांत ट्रेलरचं वेगळं गणित असतं म्हणे, आमच्या गाडीत नाही. आता मी ट्रिप मीटर शून्य करतो आणि 280 झाले की पंप बघायला लागतो, आकड्याकडे ढुंकून बघत नाही.

मोठी जास्तीची टाकी बसवायचा विचार खूप केला. पण ट्रेलर भरल्यावर 3400 किलो, त्यातलं 400 किलो हिचवर म्हणजे पिकअपच्याच पाठीवर येतं, त्यात चार माणसं, सायकली, सामान. वर आणखी 100 लिटर पेट्रोल म्हणजे 75 किलो अधिक टाकीचं स्वतःचं वजन, पेलोड संपलाच. शिवाय पेट्रोलसाठी वेगळी टाकी बसवणं डिझेलइतकं सोपं नाही, नियमही कडक असतात.

मग एकदा वाऱ्याच्या दिवशी डोळे उघडले. समोरून जोराचा वारा, अंदाजे ताशी 30 किलोमीटरचा, मी 90 ने चाललोय, आणि लिटरला 3 च्या आसपास. तेव्हा लक्षात आलं की ट्रेलरच्या त्या सपाट तोंडाला हवेच्या लेखी आपण 120 ने पळतोय, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे पेट्रोल वजन ओढायला कमी आणि हवा ढकलायला जास्त जातंय. त्याच्या पुढच्या ट्रिपपासून 105 ऐवजी 90 धरला. लिटरला 5 मिळायला लागले. पाव टाकी राखूनसुद्धा 300 चे 365 झाले. हे 60-65 किलोमीटर म्हणजे जुन्या हिशोबाने टाकीत 15 लिटर जास्तीचे, एक पैसा न देता, एक किलो वजन न वाढवता. त्यामुळे टाकी छोटी हे माझं म्हणणं मी मागे घेतो. टाकी ठीक आहे, मी जोरात चालवत होतो. 700 किलोमीटरच्या प्रवासात दोनऐवजी एकदाच भरायला लागतं. सगळं धरून अर्धा-पाऊण तास उशिरा पोचतो, पण 27 लिटर वाचतात आणि एक पंप टळतो, मला तरी हा सौदा फायद्याचा वाटतो.

पंपावरचा वेळ कुठे जातो तेही मोजलंय. 70-75 लिटर भरायला अडीच-तीन मिनिटं. पण एका थांब्याला 25-30 मिनिटं जातातच. आधी बाहेर कुठेतरी थांबून गॅस बंद करायचा, कारण आमचा फ्रीज गॅसवर चालतो. ही गोष्ट बरेच लोक करत नाहीत आणि मला बघून धडकी भरते. फ्रीजच्या मागे खरी ज्योत असते, विझली तर स्वतःहून ठिणगी मारून पुन्हा पेटते, आणि त्याची जाळी ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीत खालच्या बाजूला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. सरळ सिलिंडरचाच व्हॉल्व्ह बंद करायचा, पंपाच्या आवारात शिरायच्या आधी. दार उघडलं नाही तर फ्रीज काही तास थंड राहतो, दूध नासत नाही. 12 व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरवाला फ्रीज असेल तर ही भानगड नाही, नवीन घेणाऱ्यांनी तोच घ्यावा असं मी आता सांगतो. घेताना मी गॅसवाला हट्टाने घेतला होता, वीज नसली तरी चालतो म्हणून.

त्यात रिव्हर्स. स्वे कंट्रोलचा, म्हणजे ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू नये म्हणून, जो घर्षणाचा बार असतो तो लावलेला असताना रिव्हर्स घ्यायचा नाही, वाकतो. म्हणजे पंपावर कोंडी झाली की खाली उतरा, बार काढा, मग मागे घ्या, मागच्या गाड्या हलवायला सांगा, बाहेर पडल्यावर पुन्हा बार लावा. एकदा हे सगळं पावसात केलंय. त्या दिवसानंतर आत कसं शिरायचं हे बघणं मी सोडलं. बाहेर पडायचा रस्ता दिसत नसेल तर आत शिरतच नाही.

आता आदल्या रात्री मोबाइलवर सॅटेलाइट नकाशा उघडून पंप बघून ठेवतो. कट्टे दुकानाच्या समोर आडवे असतील, म्हणजे भरून झाल्यावर तोंड दुकानाकडे न येता सरळ रस्त्याकडे जात असेल, तर तो पंप घ्यायचा. कट्टे दुकानाकडे तोंड करून उभे असतील तर तिथे जायचंच नाही, कितीही स्वस्त असला तरी. आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा रस्ता वेगळा हवा. छताची उंची बघायची, आमचा एसीसकट 3.5 मीटर आहे, तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवलाय, आयत्या वेळी आठवत नाही. आणि प्रत्यक्ष गेल्यावर कट्ट्यांच्या कोपऱ्यांकडे बघा. टायरचे काळे घासल्याचे डाग आणि वाकलेले खांब दिसले तर आपल्याआधी कुणीतरी तिथे फसलंय, पुढे निघून जा.

स्वस्ताचा विषय निघालाच म्हणून. मी पैसे बघून चालणारा माणूस आहे, लिटरमागे थोडे वाचतात म्हणून पूर्वी मुद्दाम आतल्या गर्दीच्या पंपावर जायचो. कोपरा फुटला तो तसलाच स्वस्तातला पंप. त्या एका दुरुस्तीत जेवढे गेले तेवढे वाचवायला मला त्या दराने अनेक वर्षं पेट्रोल भरावं लागेल. आता पैसे वाचवायची वेगळी पद्धत: निघायच्या आदल्या दिवशी ट्रेलर न लावता टाकी काठोकाठ भरून आणतो, जिथे स्वस्त असेल तिथे. मुक्कामी पोचल्यावर ट्रेलर सोडून एकटी गाडी घेऊन जातो आणि परतीची टाकी भरून आणतो. म्हणजे दोन्ही टोकांचं पेट्रोल ट्रेलरशिवाय. 500-600 किलोमीटरच्या ट्रिपमध्ये ट्रेलरसकट एका बाजूला एकदाच भरावं लागतं.

वर्कशॉपबद्दल थोडक्यात. चूक चालवणाऱ्याची, वॉरंटीत बसत नाही, हे त्यांनी पहिल्या मिनिटाला सांगितलं आणि ते मला मान्य आहे. पण 5 आठवड्यांनी "झालंय, घेऊन जा" म्हणाले तेव्हा गेलो तर नवीन पट्टीखाली जुनं वाळलेलं सीलंट तसंच, त्याच्यावरच सिलिकॉनची रेघ ओढलेली. नखाने टोकरलं तर निघून आलं. त्या पट्टीखाली ब्यूटाइल टेपचा (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) पूर्ण थर लागतो, नाहीतर स्क्रूच्या भोकांतून पाणी भिंतीत उतरतं आणि मग आतलं लाकूड कुजून बाहेरचा पत्रा फुगतो. हे मी सांगायला लागलो तर तिथला माणूस म्हणतो आम्ही असंच करतो. मी पैसे दिले नाहीत, तिथेच बसून राहिलो, चार तास. शेवटी त्यांनी पट्टी काढली, खरवडून साफ केलं, माझ्यासमोर टेप लावून पुन्हा बसवली. घरी आणल्यावर मी नळीने 20 मिनिटं पाणी मारून बघितलं, आतून कोरडं आहे.

पुन्हा घेईन का? ट्रेलर हाच घेईन, पण शेपूट 2 फूट कमी असलेलं मॉडेल. गाडी मात्र डिझेल. मोठ्या ट्रकच्या लेन लांब, सरळ, उंच छताच्या असतात, आणि तिथे फक्त डिझेल मिळतं म्हणून मला त्यांच्या बाजूने नुसतं बघत पुढे जावं लागतं. डिझेल पिकअपवाल्यांनी एवढं बघा की ट्रकच्या नोझलचं तोंड जाड असतं, लहान टाकीच्या तोंडात जात नाही, नीट विचारून लावा. आणि भरून झालं की लगेच पुढे सरका, मागचा ड्रायव्हर कामावर आहे, आपण सुट्टीवर.

पुढच्या शनिवारी निघतोय, 640 किलोमीटर. मधला पंप ठरवलाय, कडेचा, बाहेरची बाजू मोकळी, झाकण बरोबर पंपाकडे येतंय, दोनदा नकाशावर फिरवून बघितलं. बायको या वेळी डावीकडे उभी राहणार आहे.